शेळ्यांची वाट

रविवारी मुलगा, सून अन् नात गोगाबाबा टेकडीवर निघाले, तर मी बी सोबत गेलो. पायथ्याला माणसं पायवाटेनं चढत होती. मी म्हणलं, "ती वाट शहरातल्या लोकांची. मी लहानपणी इथं शेळ्या चारल्यात. मागच्या अंगानं चला, निम्म्या वेळात वर नेतो."

सून म्हणाली, "मामा, बघा बरं, सोबत लेकरू आहे."

"मला शिकवू नको."

मागच्या अंगाला गवत कमरेइतकं वाढलेलं, वाट काही सापडंना. मी काठीनं गवत सारत राहिलो. मागं फिरायचं म्हणजे सुनेसमोर मान खाली घालायची. नातीच्या पायात काटा मोडला, तरी ती हसून म्हणाली, "आबा, शेळ्यांना फोन लावा की!"

तेव्हा ध्यानात आलं. ती वाट माणसानं केलीच नव्हती. शेळ्या रोज चालायच्या म्हणून ती होती, अन् शेळ्या विकून लई वर्षं झाली.

चुकलं म्हणायची मला सवय नाय. मी खाली बसून नातीचा काटा काढला अन् म्हणलं, "चल, आता तू पुढं हो."

तिनं आम्हाला शहरातल्या लोकांच्या वाटेनं वर नेलं. वर सुनेनं डबा उघडला अन् पहिलं धपाटं मला दिलं. मी घेतलं.