करंगळीचा ठसा

काकूंचा फोन त्यांच्या चिरंजीवांना ओळखायचा, काकूंना ओळखायचा नाही. चिरंजीवांनी अंगठा टेकवला की लगेच उघडायचा. काकूंनी टेकवला की 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणायचा. काकूंनी अंगठा पुसून बघितला, ओला करून बघितला, ढेकूण चिरडावा तसा दाबून बघितला. फोनने आपला हेका सोडला नाही. त्यात फोनचा दोष नव्हता म्हणा. काकूंचा सगळा जन्म इस्त्रीच्या टेबलापाशी गेला होता. तापलेल्या कापडावरून बोटं फिरवून घड्या बसवायच्या, इस्त्री तापली का ते ओल्या बोटाने चुर्र करून बघायचं, यात बोटांवरच्या रेषा कधीच झिजून गेल्या होत्या. गिऱ्हाइकाच्या शर्टावर सुरकुती न ठेवणाऱ्या बाईच्या स्वतःच्या बोटांवर एक रेघ उरली नव्हती.

काका गेले आणि चिरंजीवांनी कारभार हातात घेतला. दुकानाचा गाळा सोडून दिला, टेबल विकलं, जाडजूड इस्त्री भंगारात दिली आणि आईला आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी आणलं. "खूप राबलीस, आता आराम कर," म्हणाले. आराम म्हणजे नेमकं काय करायचं असतं ते मात्र कुणी सांगितलं नाही. काकू खिडकीशी बसून समोरच्या गॅलऱ्यांत वाळणारे कपडे बघायच्या आणि कुणाच्या पँटची घडी चुकली आहे ते मनातल्या मनात दुरुस्त करायच्या.

मुलगा वाईट नव्हता, हे इथेच सांगितलेलं बरं. जीव होता त्याचा आईवर. पण काही माणसांना जीव लावायचा म्हणजे समोरच्याच्या हातातलं काढून घ्यायचं असंच वाटतं, त्यातला तो. आईला नवा फोन त्यानेच आणून दिला, आपला अंगठा त्यात घातला, आणि पिन ठेवला तो स्वतःच्या जन्मतारखेचा. "म्हणजे तू विसरणार नाहीस," म्हणाला. त्या दिवशीच्या कळा काकूंना विसरायच्या म्हटल्या तरी विसरता आल्या नसत्या, तेव्हा पिन लक्षात राहिला. शिवाय रोज जेवताना एक धडा घोकून घ्यायचा. "आई, फोनवर कोड आला तर कुणालाही सांगायचा नाही. अगदी मलाही नाही." काकू मान डोलवायच्या.

एका शुक्रवारी औषधाच्या दुकानात काकूंना हॉटेलच्या लाँड्रीचे मुकादम भेटले. काकांचे जुने दोस्त. हॉटेलातले नाजूक कपडे कितीतरी वर्षं ते काकूंकडेच पाठवत आले होते. पण आज त्यांनी नुसतीच मान हलवली आणि पुढे निघाले.

"भाऊजी, काही चुकलं का माझं?" काकूंनी अडवलंच.

"चुकलं काही नाही, वहिनी. पण एवढ्या विश्वासाने मी तुम्हाला मेसेज करून इस्त्रीच्या खोलीचं काम सांभाळायला बोलावलं. हाताखाली चार बाया, बसायला खुर्ची. आणि तुम्ही एका ओळीत उडवून लावलंत. 'जमणार नाही, वय झालंय.' माझ्या जिवाला लागलं हो ते."

काकूंनी हा निरोप कधी बघितलाच नव्हता, मग उत्तर कुठून देणार? आणि वय झालंय असं तर त्यांनी गुडघेदुखीच्या डॉक्टरलाही कधी कबूल केलं नव्हतं. रोज संध्याकाळी त्यांचा फोन उचलून 'जरा साफसफाई करतो' म्हणणारा माणूस घरात एकच होता. काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण भर दुकानात मुलाची अब्रू काढायची नाही म्हणून त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

"ते मी लिहिलं नव्हतं," एवढंच त्या म्हणाल्या. "मी येणार आहे."

मुकादम घुटमळले. "वहिनी, माझी काही ना नाही. पण तुमचा नकार मी वर मॅनेजरला दाखवलाय. आता होकार त्याच फोनवरून यायला हवा. आणि आज हो, उद्या परत नाही, असं झालं तर माझं हसं होईल. उद्या सकाळपर्यंत थांबतो, मग दुसरी बाई घेतो."

नुसता होकार धाडून भागणार नव्हतं, संध्याकाळच्या साफसफाईत तोही पुसला गेला असता. काकू औषध न घेताच बाहेर पडल्या आणि कोपऱ्यावरच्या मोबाईल दुरुस्तीच्या टपरीत शिरल्या. तिथे डोळ्याला भिंग लावून एक बाई उघड्या फोनमध्ये स्क्रू बसवत होती.

"या फोनला माझं कुलूप लावून द्या," काकू म्हणाल्या. "फक्त माझं."

बाईने कारण विचारलं नाही. अशी गिऱ्हाइकं तिच्याकडे येत असावीत. जुना पिन टाकायला लावला, नवा टाकायची वेळ आली तेव्हा स्वतः भिंतीकडे तोंड फिरवलं. मग चिरंजीवांचा अंगठा काढून टाकला. काकूंची बोटं एकेक करून लावून बघितली. अंगठे गेले, तर्जन्या गेल्या, फोन ढिम्म. शेवटी काकूंनी इस्त्रीची हकीकत सांगितली, तेव्हा बाई म्हणाली, "काकू, इस्त्रीला कधीच न लागलेलं बोट कुठलं?"

काकूंनी जरा विचार केला आणि डाव्या हाताची करंगळी पुढे केली. फोनने ती पहिल्या झटक्यात ओळखली.

बाईला हसू आलं. "शाळेत ही वर करून परवानगी मागायचो आपण."

"पुष्कळ मागून झाली," काकू म्हणाल्या.

पण काम संपलं नव्हतं. बाईने फोन उलटसुलट तपासला, तो कुणी लावून दिला ते विचारलं आणि म्हणाली, "मागचं दार उघडंच आहे की. या फोनच्या खात्याचा पासवर्ड तुमच्या मुलाकडे आहे. त्याच्या कॉम्प्युटरवर तुमचे मेसेज दिसतात, तिथून तो उत्तरही पाठवू शकतो. तोही बदला." तिने एका ठिकाणी बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं, 'पासवर्ड विसरलात?'

काकू भडकल्या. "विसरले नाही. मला कधी सांगितलाच नव्हता. तसं दाबायला काही आहे का यात?"

तसं काही नव्हतं. विसरलो म्हणूनच पुढे जायचं, आणि मग कोड येणार तो चिरंजीवांच्या नंबरावर. बाईने आवाज खाली आणला. "काहीतरी थाप मारा. सांगा, दुकानात मागतायत. तो देऊन टाकेल."

"माझ्याच घरात मी चोरासारखी शिरू?" काकू म्हणाल्या. कुठे काय दाबायचं ते त्यांनी दोनदा विचारून घेतलं, पैसे दिले आणि घरी गेल्या.

रात्री तिघं जेवायला बसली. काकू, चिरंजीव आणि सून. पहिला घास घ्यायच्या आधी काकूंनी फोन ताटाशेजारी ठेवला आणि 'पासवर्ड विसरलात?' दाबलं. चिरंजीवांच्या खिशात टुण्ण वाजलं. त्यांनी फोन काढून बघितला, कपाळाला आठ्या पडल्या.

"आई, कुणीतरी तुझं खातं उघडायला बघतंय."

"मीच बघतेय. कोड सांग."

"कोड असा सांगायचा नसतो, आई. किती वेळा…"

"दुसऱ्याचा कोड सांगायचा नसतो. हा माझा आहे. तुझ्याकडे पडून आहे एवढंच."

सुनेने वाढता वाढता डाव खाली ठेवला. चिरंजीव हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "पण कशाला हवंय तुला हे सगळं?"

"मुकादमांना तू माझ्या नावाने नाही म्हणालास," काकू म्हणाल्या. आवाज चढला नाही, पण भांड्याला भांडं लागल्यासारखा खणखणीत आला. "माझं वय झालंय असं लिहिलंस. आणि पुसून टाकलंस, म्हणजे मला कळू नये हेही तुला कळत होतं."

चिरंजीवांचा चेहरा उतरला. "तुझे पाय दुखतात. दिवसभर उभं राहायचं… मला काळजी वाटली गं."

"मग मला सांगायचंस ना. मी भांडले असते, रुसले असते, कदाचित ऐकलंही असतं. तू तर माझ्या तोंडाने बोलून मोकळा झालास. तुझ्या वडिलांनी उभ्या जन्मात असं केलं नाही, आणि ते काही साधे नव्हते."

सून खुदकन हसली आणि लगेच डाव उचलून वाढायला लागली.

"हे बघ," काकू म्हणाल्या, "नाही सांगितलास तर उद्या मी नवा नंबर घेईन आणि तो तुला देणार नाही. आई कुठे आहे ते बघायला लाँड्रीच्या दारात यावं लागेल तुला. कोड सांग, जेवण निवतंय."

चिरंजीवांनी आकडे सांगितले. लहानपणी न येणारा पाढा म्हणताना निघायचा तसा आवाज निघाला. काकूंनी एक आकडा परत म्हणायला लावला. मग फोन पोटाशी धरून नवा पासवर्ड घातला, आणि कोड यायचा नंबरही बदलून आपल्या धाकट्या बहिणीचा टाकला. ती बहीण जगात कुणाच्या भानगडीत नाक खुपसत नाही. सगळं झाल्यावर करंगळीने कुलूप उघडून बघितलं, मुकादमांना 'येते' असं लिहिलं आणि पाठवलं.

"नवा पिन मला तरी सांगून ठेव," चिरंजीव हळूच म्हणाले. "विसरलीस तर?"

"कुणालाही सांगायचा नसतो. अगदी तुलाही नाही."

"आणि खरंच विसरलीस तर?"

"विसरले तर माझं मी विसरेन."

जेवण उरकून काकू ताट घेऊन उठल्या. फोन तिथेच टेबलावर, मुलाच्या हाताशी राहू दिला. इतके दिवस हाच फोन हरवू नये म्हणून त्या रात्री आठवणीने उशीखाली ठेवायच्या. थोड्या वेळाने तो वाजला. चिरंजीवांनी सवयीने उचलला आणि अंगठा टेकवला. फोन थरथरला आणि पडद्यावर अक्षरं आली, 'पुन्हा प्रयत्न करा.'

ताट विसळणाऱ्या काकूंनी मागे वळूनही बघितलं नाही.

"काही हवं असेल तर मला विचार," त्या म्हणाल्या. "मी इथेच आहे."