अर्धी फुगवलेली गादी

आमच्या कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याला सगळे मामा म्हणतात. तसा तो खराखुरा मामा एकाच मुलीचा, बाकीच्यांनी त्याला फुकटात मामा करून टाकलाय. मी त्याच्याहून बारा वर्षांनी मोठा, तरी मीही मामाच म्हणतो. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून माझी सकाळ त्याच्या दुकानातल्या बाकावर जाते. सून म्हणते, "बाबांची पेन्शन पोस्टाची आणि हजेरी पंक्चरच्या दुकानात." म्हणू दे. कुणाची गाडी कुणाच्या दारात पंक्चर झाली, एवढ्यावरून मी या वस्तीतली दोन लग्नं मुलांच्या आईबापांआधी ओळखली आहेत.

मामाला एकाच गोष्टीचा ताठा होता, त्याच्या ठिगळाचा. ट्यूब घासायची, सोल्युशन लावायचं, फुंकर मारून सुकवायचं, वर रबराचं ठिगळ ठेवून हातोडी. मग पाण्याच्या पिंपात बुडवून बुडबुडे बघायचे आणि शेवटी बोटाने व्हॉल्व्हला थुंकी लावून खात्री करायची. हे शेवटचं काम तो डॉक्टरच्या गाडीलाही करायचा, डॉक्टरच्या देखत. "टायर फाटेल, माझं ठिगळ उघडणार नाही," हे वाक्य मी निदान हजारदा ऐकलं असेल.

त्याची बहीण आणि मेहुणा एकाच वर्षी गेले तेव्हा भाची चार वर्षांची होती. तिला यानेच वाढवलं. लग्न केलं नाही. का, याच्या तीन कथा वस्तीत फिरतात, त्यातली एक मी उठवलेली आहे. खरी एवढीच, की मुलगी बघायला गेला तिथे कुणीतरी विचारलं, "या पोरीची सोय कुठे करणार?" आणि हा समोरचा चहा तसाच ठेवून उठला.

ती पोर आता जंगलखात्यात पक्षी मोजते. हिवाळ्यात सहा-सहा दिवस डोंगरावर. तिथली जमीन म्हणजे ओले दगड आणि मुंग्या, म्हणून ही मंडळी दोन झाडांना झोळी बांधून झोपतात. मागच्या हिवाळ्यात ती तिथूनच न्यूमोनिया घेऊन आली. अकरा दिवस इस्पितळात होती आणि अकरा दिवस दुकानाचं शटर खाली होतं.

"झोळीत थंडी खालून येते, मामा," तिने एकदा आम्हा दोघांना समजावलं. "पांघरूण पाठीखाली चेपलं की त्यात ऊब राहत नाही. खालून वारा सरळ हाडात. म्हणून ही हवेची गादी पाठीखाली सरकवायची."

"मग टाइट फुगव की. टायरसारखी."

"टाइट फुगवली तर ती झोळीबाहेर उडी मारेल आणि मी तिच्यासकट. अर्धीच फुगवायची, म्हणजे अंगाबरोबर वाकते."

अर्धी हवा हा मामाच्या धंद्यात गुन्हा. तो दिवसभर अस्वस्थ होता.

यंदा निघायच्या आदल्या सकाळी ती गादी घेऊनच दुकानात आली. कुठेतरी बारीक भोक होतं, पहाटेपर्यंत गादी बसायची.

"हिची वेगळी पट्टी मिळते, मामा. बाजारातून आणते."

मामाने हात पुसला. "म्हणजे गावाला मामाचं ठिगळ चालतं आणि घरच्यांना नाही."

ती गादीची घडी घालू लागली. आता इथे मी गप्प राहिलो असतो तर बरं झालं असतं. पण जीभ खाजली. म्हटलं, "देऊन टाक गं. नाहीतर हा आठवडाभर तोंड फुगवून बसेल, आणि ते तोंड अर्धं फुगवायची सोय नाही."

ती हसली आणि गादी दिली. मामाने घासलं, लावलं, ठोकलं, पिंपात बुडवलं. एकही बुडबुडा नाही. संध्याकाळी तिची पिशवीही त्यानेच भरली, मोजे मोजून.

ती गेली त्याच्या तिसऱ्या सकाळी भूगोलाच्या बाई दुकानात आल्या. त्यांनाही असल्या झोळीत झोपायची हौस. पंधरा दिवसांपूर्वी मामाने त्यांची गादी सांधून दिली होती. बाईंनी ती बाकावर पसरली आणि मामाचं ठिगळ नखाने उचललं. ओल्या पाकिटावरून तिकीट निघावं तसं ते अख्खं हातात आलं.

"हे रबर नाही ना, मामा," बाई हळूच म्हणाल्या. "प्लास्टिकचा लेप दिलेलं कापड आहे. तुमचं सोल्युशन त्याला नुसतं टेकून बसतं. सपाट असेपर्यंत ठीक, झोळीत कमरेशी वाकलं की सुटतं."

मामा ठिगळ उलटंसुलटं करून बघत होता. मग म्हणाला, "तिची गादी पण अशीच आहे." एवढंच.

भाचीचा फोन लागत नव्हता. वर रेंज नसते हे माहीत असून त्याने सात वेळा लावला. आम्ही तिच्या ऑफिसात गेलो. तिथला कारकून म्हणाला, शिधा घेऊन जीप दुपारी वर जाते, बसा हवं तर. मामाने दुकानात परत येऊन बाकावरचा जाड स्पंज उचलला, सुतळीने गुंडाळला. तो स्पंज म्हणजे माझी गेल्या नऊ वर्षांची बैठक, पण त्या दिवशी हक्क सांगायची हिंमत झाली नाही. वाटभर मामा तो मांडीवर घेऊन बसला होता. मी दोन विनोद केले. दोन्ही जीपमधून खाली पडले.

वर पोचलो तेव्हा चार वाजले होते. बाकीचे मोजणीला गेलेले. भाची झोळीत होती, सगळे कपडे अंगावर चढवून. पाठीखाली तिने वाळलेला पाला भरलेलं पोतं घातलं होतं. गादी शेजारच्या फांदीवर लोंबत होती.

मामाने तिच्या कपाळाला हात लावला आणि तो तिथेच ठेवला.

"कधी उघडलं?"

"पहिल्याच रात्री." मग खोकला. मागच्या वर्षीचा तो खोकला मी ओळखला, त्यानेही ओळखला असणार.

"ती दुसरी पट्टी आणली नव्हतीस बरोबर?"

"नाही."

"का?"

"पिशवी तू भरत होतास. तुला दिसली असती."

स्पंजाची सुतळी सोडायला मामाला फार वेळ लागला. आयुष्यभर टायर उतरवलेली बोटं, पण गाठ सुटेना. शेवटी ती मीच सोडली. मीही तिच्याकडे बघत नव्हतो. तोंड फुगवण्याचा तो विनोद माझा होता.

त्याच जीपने तिला खाली आणलं, खाली स्पंज, वर मामाचा कोट. डॉक्टरने छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. म्हणाला, उजव्या बाजूला आवाज आहे. चार दिवस औषध देऊन बघू. उतार पडला नाही तर दाखल करावं लागेल.

आज तिसरा दिवस. शटर खाली आहे. सकाळी मी त्यांच्या घरी गेलो तर मामा तिच्या खाटेशी जमिनीवर बसला होता, समोर गादी आणि बाजारातून आणलेली ती पट्टी.

"आधी स्पिरिटने पूस," ती उशीवरून सांगत होती. "घासू नको."

"घासू नको," मामा म्हणाला.

"आता चिकटव आणि नुसता दाब. हातोडी खाली ठेव, मामा."

त्याने हातोडी ठेवली. तळव्याने दाबत राहिला. मग तोंडाने गादी फुगवली, बरोबर अर्धी, आणि मधोमध दुमडून गादीवर बसला.

"किती वेळ बसणार असा?"

"उद्यापर्यंत."

तिला हसू आलं आणि हसण्यातून खोकला. तो लांबत गेला. मामा तसाच बसून होता, नजर पट्टीवर, पण ओठ हलत होते. तो खोकले मोजत होता. थांबल्यावर माझ्याकडे वळून म्हणाला, "कालच्यापेक्षा दोन कमी."

मीही मोजले होते. कालच्याइतकेच होते. मी म्हटलं, "हो, दोन कमी."