भिंतीपलीकडे गेलेली वायर

लोक मला संशयी म्हणतात. म्हणोत बापडे! आमच्या ह्यांचा मोबाइल मी रोज बघते आणि त्यांच्यासमोर बघते. त्यात कधीच काही सापडलं नाही, त्यामुळे माझा संशय वाढतच गेला.

दर गुरुवारी हे देवासहून धारला जायचे. कारण काय, तर तिथल्या एका भंगारवाल्याकडे जुन्या कॉम्प्युटरचे सुटे भाग मिळतात. फार वर्षांपूर्वी ह्यांनी आणि माझ्या धाकट्या दिरांनी मिळून कॉम्प्युटर क्लास काढला होता. फीच्या पावत्या मीच फाडायची. पुढे घराच्या वाटण्या झाल्या, तेव्हा ते धुडासारखे कॉम्प्युटरही वाटले गेले. ह्यांच्या वाट्याचा वरच्या खोलीत होता.

"अहो, ह्या डबड्यासाठी धारपर्यंत जाता?"

"अपना शौक है, तुला काय तकलीफ?" म्हणून हे निघायचे. वर इस्त्रीचा शर्ट! भंगारवाल्याकडे कोणी इस्त्रीचा शर्ट घालून जातं का?

दिरांचं घर आमच्या भिंतीला लागूनच. पण पाच वर्षं बोलणं बंद होतं. सासूबाई गेल्या आणि त्यांच्या सोन्याच्या पाटल्या मिळेनात. शेवटच्या दुखण्यात त्यांच्या उशाशी धाकटी जाऊ बसायची. मी चारचौघांत सरळ तिचं नाव घेतलं. त्या घराशी एक शब्द बोलणार नाही, अशी ह्यांना माझ्या गळ्याची शपथ घ्यायला लावली.

एका गुरुवारी मी शिकवते ती शाळा लवकर सुटली. हे धारला गेलेले. मी तडक वर गेले आणि कॉम्प्युटरचं बटण दाबलं. तो घरघरत चालू होईपर्यंत मागे वाकून बघितलं. एक काळी वायर होती. ती डिशची, असं हे म्हणाले होते. पण डिश गच्चीवर आणि ही वायर चाललेली पलंगामागे! मी पलंग ओढला. वायर भिंतीत शिरली होती, दिरांच्या भिंतीत. माझं डोकंच फिरलं.

वायरीच्या जोडावर धातूचं एक टोपण होतं. मी ते उपटलं. पलीकडून भिंतीवर दोनदा ठकठक झालं. मग मला क्लासमधलं आठवलं. दोन कॉम्प्युटर जोडणाऱ्या ह्या वायरीच्या दोन्ही टोकांना टोपण लागतं, एक निघालं की दोन्हीकडचं बंद पडतं. म्हणजे पलीकडे कोणीतरी वाट बघत बसलं होतं.

मी टोपण परत बसवलं. पडद्यावर टेलिफोनचं चित्र हलायला लागलं. त्यावर क्लिक केलं, तर इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटू लागलं.

"दादा, धारहून लवकर आलास? कॉम्प्युटरचं कार्ड मिळालं?"

हे तर दीर! मी एका बोटाने लिहिलं, "हो."

"वहिनी शाळेत?"

"हो," मी बेधडक खोटं लिहिलं. माझ्या मागे काय शिजतंय ते मला बघायचंच होतं.

"ही म्हणते, आता वहिनींना सांगून टाक. किती दिवस लपवणार?"

धारला नक्की कोणीतरी आहे, मी मनात म्हटलं. लिहिलं, "काय?"

"अरे, पाटल्यांचं. तू म्हणालास तिला सोसणार नाही, म्हणून आम्ही गप्प बसलो. पण आता पुरे कर, दादा."

मला अक्षरं धड दिसेनात. तरी एकेक शोधून विचारलं, "कुठे सापडल्या?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"वहिनी?"

"हो."

"तुमच्याच गव्हाच्या कोठीत, तळाशी. आईनेच ठेवल्या असतील. दादाने कोठी रिकामी केली तेव्हा निघाल्या. तीन वर्षं झाली."

तीन वर्षं. म्हणजे मागच्या संक्रांतीला जाऊ माझ्या दारात तिळगुळाची वाटी घेऊन उभी राहिली, तेव्हा तिला सगळं माहीत होतं. "चोराच्या हातचं आम्ही खात नाही," असं म्हणून मी दार लावून घेतलं होतं. ती एका शब्दाने बोलली असती तर तिथेच माझं तोंड बंद झालं असतं. ती वाटी उंबऱ्यावर ठेवून गेली, आणि मी ती गाईला घातली.