राखणीचा कोंबडा

वर्षभर ही पोस्ट टाळली.

कारण लिहायला बसलं की पहिलं वाक्य एकच येतं. सुलाकाकी माझ्यामुळे गेली.

आता लिहिलंच.

तिथीनं वर्षश्राद्ध गेल्या आठवड्यात झालं. तिचं घर शेजारीच, मधे फक्त निरगुडीचं कुंपण. तरी मी गेले नाही. काम आहे सांगून पोलादपूरच्या एसटी स्टँडवर चहा पीत बसले.

आज तारखेनं वर्ष.

माझं तुम्हाला माहीतच आहे. बारावी अर्धी, मुंबईत मॉल, मग पुणे, मग रायगडाच्या पायथ्याशी हिरकणीवाडीत मैत्रिणीच्या स्टॉलवर ताक. (ताक एक नंबर होतं. असो.)

आई-बाबा मुंबईत, गावचं घर बंद. मी आले ती दोन महिन्यांसाठी. परसात कोंबड्या पाळायच्या हे व्हिडिओ बघून ठरवलं.

पहिलं खुराडं फळांच्या क्रेटचं केलं. वर एलईडीची माळ लावली.

काकी कुंपणावरून बघत होती.

"शितले, कोंबड्यांचं लगीन हाय का गो?"

मग तिनंच सगळं करून घेतलं. खुराडं जमिनीपासून हातभर वर, चार दगडांवर. जाळी बारीक, कारण मुंगसाचं डोकं आत गेलं की अख्खं मुंगूस आत जातं. कोपऱ्यात राख, अंगाला उवा होऊ नयेत म्हणून.

"आठ दिस कोंडून ठेव त्यास्नी. घर कळलं का सांजचं आपसूक येतात."

आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "तुला बी कोंडायला पायजे व्हतं."

तिनं मला चार तलंगा दिल्या, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या. आणि एक लाल कोंबडा.

"ह्यो राखणीचा हाय हां. नीट सांभाळ."

राखणीचा, म्हणजे राखण करणारा. मुंबईत वाढलेल्या डोक्याला दुसरं काय कळणार? मी त्याचं नाव वॉचमन ठेवलं.

आणि तो खरंच राखण करायचा. वर घार दिसली की असा ओरडायचा की चारही जणी जास्वंदीखाली.

तरी मी घाबरायचे. काकीनं सांगितलेलं, मुंगूस सगळ्या खात नाही, नुसत्या माना फोडून जातं. रोज सकाळी खुराड्याची फळी काढायच्या आधी मी कान लावायचे. आत कुरकुर ऐकू आली की मगच फळी काढायचे.

माझ्या हातात कधी काही टिकलं नाही हो. शाळा नाही, नोकरी नाही. हे पाच जीव टिकतील?

टिकले. अंडी सुरू झाली.

मे महिन्यात हिरकणीवाडीची मैत्रीण फोनवर रडकुंडीला आली, तिचा कोंबडा मुंगसानं नेला होता. मी मोठ्या मनानं वॉचमन देऊन टाकला. माझ्या जाळीवर आता माझा भरवसा बसला होता ना.

पेरणीच्या आधी एक दिवस काकी नारळ आणि हळदकुंकू घेऊन परसात आली.

"चल, कोंबडा धर. राखण द्यायचीय."

"कुठला कोंबडा?"

"लाल. दुसरा कुठला?"

तेव्हा मला कळलं. राखण म्हणजे वाडीच्या राखणदार देवाला वर्षाचा मान. शिवेवरच्या दगडापाशी कोंबडा द्यायचा. आणि जो नवसात बोललेला असतो तोच द्यायचा.

"काकी, तो मी दिला."

"कुणाला गो?"

मी तिथंच फोन लावला. मैत्रीण हसत म्हणाली, "अगं तो? रविवारी गड बघायला पाहुणे आले व्हते. रस्सा काय झाला सांगू तुला!"

फोन स्पीकरवर होता.

काकी रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. नारळ पदराखाली घेतला आणि हळूच म्हणाली, "तुझ्याच नावानं बोलले व्हते. पोर हितं टिकू दे म्हनून."

मग स्वतःचा पांढरा कोंबडा घेऊन एकटीच शिवेकडं गेली.

आवणीत, म्हणजे भाताची लावणी चालू असताना, तिला ताप आला. अंग दुखतं म्हणून गोळी घ्यायची आणि परत चिखलात उतरायची. डोळे पिवळे दिसले तेव्हा महाडला न्यायला रिक्षा बोलावली.

रिक्षात बसवताना मी विचारलं, "काकी, माझ्यामुळे का गं?"

"येडी हायस. आधी कोंबड्या कोंड, आभाळ बघ केवढं आलंय."

हे तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं. यात हो आहे की नाही, वर्षभर उलटसुलट करून बघितलंय.

डॉक्टर म्हणाले, लेप्टो.

बाळाकाका, म्हणजे तिचा नवरा, दवाखान्याच्या पायरीवर बसले होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, "राखण चुकली."

लेप्टो कशानं होतो मला माहीत आहे. गूगल केलंय. उंदीर, चिखल, पायाची जखम. वाचताना पटतं. सकाळी फळी काढताना नाही पटत.

तेव्हापासून बाळाकाकांनी आमच्या परसात पाय ठेवलेला नाही. त्यांचा खोकला ऐकला की मी आत पळते. दोनदा बॅग भरून निघाले, कशेडी घाटाच्या पायथ्याशी एसटीतून उतरले आणि परत आले. गेले तर तिचं बोलणं वाया जाईल. राहिले तर अजून कुणाला काय झालं तर?

ही भीती कुणाला सांगायची? म्हणून इथं.

काकी, कोंबड्या आहेत. मी पण अजून इथंच आहे. चूक माझी असेल तर पोटात घाल. नसेल तर तेवढं कळव गं कसंतरी. नीट राहा, जिथं असशील तिथं.

थांबा. फाटक वाजलं.

बाळाकाका आलेत. परसात उभे आहेत.

हातात टोपली, टोपलीत तूस, तुसात अंडी. माझ्याकडं नाही, खुराड्याकडं बघतायत.

"शितले, एखादी खुडूक बसलीय का गो तुझी? अंडी उबवायला ठेवायचीत. आमच्यात एक बी नाय बसली औंदा."