दादाच्या खिशातलं पिस्तूल

दादा गेल्याचा फोन आला, तेव्हा मी नेरच्या बाजारात भेंडी निवडत होते. वैनी रडत नव्हती. कोर्टातून आले, पँट खुंटीला लावली, छातीत दुखतं म्हणून आडवे झाले अन् उठलेच नाहीत, एवढं तिनं सांगितलं. मग आवाज खाली करून म्हणाली, “सुमाताई, ते पिस्तूल पँटीतच हाय... मले त्या खोलीत जायचं भेव वाटते.”

माझा भाऊ यवतमाळला फौजदारी वकील. एका खटल्यात धमक्या आल्या म्हणून त्यानं परवाना काढला आणि तळहातात मावेल एवढं, पॉलिमरच्या बॉडीचं पिस्तूल घेतलं. नवा मोबाइल दाखवावा तसं दाखवायचा. हलकं आहे, घामानं बॉडी गंजत नाही, खिशात असलेलं कुणाला कळत नाही. मी म्हटलं, तुलाही कळत नसेल. झालंही तसंच, एकदा ते पँटीसकट धुण्याच्या बादलीत गेलं. मूठ इतकी चिमुकली की दादाची करंगळी खाली लोंबायची. नळी आखूड, जरा लांबवर नेम धरवत नसे, आणि बार केला की हलकं असल्यामुळे मनगटाला सणसणीत झटका. बाहेरून अडवणारा खटकाही नाही, चाप ओढला की संपलं. बाबांची शेतावरची बंदूक निदान दिसायची तरी, पोरं लांब राहायची. ह्याची मात्र मला पहिल्यापासून धास्ती.

एका दसऱ्याला मी तिथेच होते. दादानं मॅगझिन काढून पिस्तूल पूजेच्या पाटावर ठेवलं. मॅगझिन काढलं म्हणजे झालं रिकामं, हा त्याचा समज. वैनीनं नळीच्या तोंडाशी हळदकुंकू लावलं, वाकून नमस्कार केला. मग मला आतली करामत दाखवायला त्यानं वरचा भाग मागे ओढला... आणि नळीत राहिलेली गोळी टणकन आपट्याच्या पानांवर पडली. आत्ताच वैनीचं कपाळ त्या नळीसमोर होतं. वैनीच्या डोक्यावर हात ठेवून दादानं शपथ घेतली, यापुढे नळीत गोळी ठेवणार नाही. मग रोज घरी आला की तिला नळी उघडून दाखवायचा. माझ्या हट्टी भावाचं मला फार कौतुक वाटायचं.

शेवटच्या दिवशी दुखण्यापायी ते दाखवायचं राहिलं. तेरवी झाली तरी खोली बंदच. अखेर पिस्तूल जमा करून घ्यायला ठाण्यातून हवालदार आला. नळी रिकामीच असेल, असं मी त्याला छातीठोकपणे सांगितलं. त्यानं मॅगझिन काढलं, वरचा भाग मागे ओढला. गोळी बाहेर आली.

वैनी भिंतीला टेकली. “म्हणजे त्याईले त्या दिवशी कोणाचं तरी भेव होतं... मले काहून नाही सांगितलं?”

धमक्या केव्हाच थांबल्या, असंच दादा आम्हाला सांगत आला होता. हवालदार पिस्तूल घेऊन गेला. आता वैनी दिवसाही कडी लावते, मीही नेरला परतलेले नाही. परवा भर दुपारी बेल वाजली. “वकीलसाहेब आहेत का?” आवाज अनोळखी होता. आम्ही दोघी एकमेकींचा हात धरून उभ्या राहिलो... आणि दादा वारला, हे सांगायची आमच्यापैकी कुणाची हिंमत झाली नाही.