तापलेला हात

आमच्या घरात थर्मामीटर नव्हता. जुना काचेचा होता तो कधीतरी फुटला, आणि नवा आणायचा विषय निघाला की मी म्हणायचे, हातच्या काकणाला आरसा कशाला? माझ्या हाताची ख्यातीच होती तशी. उलटा हात कपाळाला लावला की खरा ताप आहे की नुसता शाळा बुडवायचा बेत आहे, हे मला लगेच कळायचं. शेजारच्या बायकाही पोरं घेऊन यायच्या, आणि मी ते कौतुक आवडीनं करून घ्यायचे.

गेल्या मे महिन्यात हे आणि मी एकदमच आजारी पडलो. आधी अंग मोडून आलं, मग थंडी वाजायला लागली. कात्रजच्या आमच्या फ्लॅटवर दुपारभर ऊन असतं, भिंतीसुद्धा तापतात. पण आम्ही खिडक्या लावल्या, पंखा बंद केला आणि दोन गोधड्या एकावर एक घेऊन पडलो. मी ह्यांच्या कपाळाला हात लावला. काही नाही. ह्यांनी माझ्या कपाळाला लावला. "तुलाही ताप नाही," म्हणाले. "हवाच गार पडलीय." मला ते पटलं. एवढ्या वर्षांच्या संसारात हवेबद्दल आमचं एकमत झाल्याचं मला तरी आठवत नाही.

हिंजवडीहून मुलाचा फोन आला. त्याला मी ठणकावून सांगितलं, "ताप दोघांनाही नाही, मी हात लावून पाहिलाय. थंडी तेवढी आहे." तो म्हणाला, "आई, मला इथे एसीत बसून घाम येतोय. मी निघतो." त्या ट्रॅफिकमधून हिंजवडीहून कात्रजला यायचं म्हणजे एक जन्म जातो, त्यामुळे मी ते फारसं मनावर घेतलं नाही.

मग वेळेचं भान सुटलं. घरामागच्या प्राणिसंग्रहालयातले मोर ओरडत होते, आणि तो आवाज खिडकीतून न येता गोधडीतून येतोय असं वाटत होतं. छत हळूहळू वर चाललं होतं, त्याचंही मला काही वाटत नव्हतं. मी माहेरच्या विहिरीच्या पायऱ्या उतरत होते. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीहून गार, आणि खाली पाण्यावर कुणीतरी स्वेटर वाळत घातले होते. हे शेजारी आहेत एवढं मात्र कळत होतं, कारण त्यांच्या श्वासाबरोबर गोधडी वरखाली होत होती. त्या गारठ्यात आम्ही दोघंच होतो, आणि खरं सांगायचं तर मला फार बरं वाटत होतं.

आमच्या डॉक्टरांनी नंतर समजावलं. अंग किती गरम ठेवायचं ते मेंदू ठरवतो. जंतू शिरले की तो आकडा मुद्दाम वर नेतो, आणि अंग तिथवर तापेपर्यंत माणूस कुडकुडतो. काम झालं की मेंदू आकडा खाली आणतो, मग घाम फुटतो. "आणि काकू," ते म्हणाले, "दोन तापल्या तव्यांनी एकमेकांना, 'चटका बसतो का?' असं विचारायचं नसतं."

पण त्या दुपारी मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. जाग आली ती गोधडी हलत नाहीये म्हणून. मी चाचपडत ह्यांच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं, ओलं होतं. मान गार, हातही गार. माझा हात चुकत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. मी ओरडले नाही. आता ह्यांचा चष्मा कुठे ठेवायचा, एवढंच मनात आलं, आणि मग पोटातून हुंदका फुटला तो आवरेना.

"काय झालं?" हे म्हणाले.

हे घामानं निथळत होते, डोळे चांगले उघडे होते, आणि गोधडी त्यांनी छातीवरून खाली ढकलली होती. गोधडी बाजूला सारून उठायला लागले, तसं मी त्यांचं मनगट धरलं. त्यांनी दुसरा हात माझ्या कपाळाला लावला आणि चटकन मागे घेतला.

"अगं, फणफणलीयस तू. थांब, खिडकी उघडतो, पाणी आणतो."

"जाऊ नका," मी म्हटलं. "फार थंडी आहे हो."

त्यांचा ताप उतरला होता. त्यांच्याकडे आता मे महिना परत आला होता, माझ्याकडे अजून नव्हता. त्यांनी उशाशी असलेलं पाणी मला पाजलं. मी मनगट सोडत नाही असं पाहून पुन्हा आडवे झाले, गोधडी छातीपर्यंत ओढून घेतली, आणि मुलगा येईपर्यंत त्या भट्टीत घामाघूम होत माझ्याशेजारी पडून राहिले.

"आहे बुवा थंडी," म्हणाले.