वैद्यराजांचा चकलीचा डबा

समस्त वारजेकरांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर चार वर्षं एक चकलीचा डबा नांदत होता आणि त्यात एकही चकली नव्हती. होत्या त्या गोळ्या. डब्याचे मालक आमचे भाडेकरू, वैद्यराज. हे नाव मी ठेवलेलं. यवतमाळहून फार्मसी शिकायला आलेल्या या मुलाला औषधांबद्दल सगळं ठाऊक होतं, पण फक्त कॉलेजच्या आवारात.

डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, की दुसऱ्याच दिवशी याला बरं वाटायचं आणि उरलेल्या गोळ्या डब्यात जायच्या. "कामी पडते न, काकू!" हे त्याचं शास्त्र. खोलीत सोबत राहणाऱ्या पोरांपैकी कोणी कण्हलं की वैद्यराज कात्री काढून स्ट्रिपचा तुकडा कापून देत. एकाच्या वाट्याला औषधाचं नाव यायचं, दुसऱ्याच्या वाट्याला तारीख, तिसऱ्याच्या वाट्याला नुसती गोळी. आणि डबा कुठे? गॅसच्या शेगडीला चिकटून. "तिथं ओल नसते न!"

टाकून देणं त्याला मंजूरच नव्हतं. एकदा खोकल्याच्या औषधावर बुरशी आली, तेव्हा नाइलाजाने बाटली रिकामी केली. गॅलरीतून, थेट माझ्या मोगऱ्यावर.

"अहो वैद्यराज, मोगरा खोकत नव्हता!" मी खालून ओरडले.

वरून आवाज आला, "आता खोकणारही नाही, काकू."

शेवटच्या वर्षी त्याला प्रकल्प मिळाला: विद्यार्थी घरी औषधं कशी ठेवतात, कशी घेतात, कशी टाकतात. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला मात्र हसू येत नव्हतं. एकदा नापास झालेला. आता पुन्हा गटांगळी खाल्ली तर गावी येऊन हार्डवेअरच्या दुकानात बसायचं, असं वडिलांनी बजावलं होतं. बिचारा फॉर्म घेऊन पार वाघोलीपर्यंत हिंडला. मोठं पोस्टर केलं: 'नाव आणि तारीख नसलेली गोळी कधीही घेऊ नका!' शुद्धलेखन मी तपासलं.

वडिलांनी आणखी एक संधी दिली आणि सहा महिन्यांनी तो पास झाला, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही पुढचं निर्धास्त ऐकाल. आता खराडीला नोकरी करतो. जाताना तो डबा लख्ख घासून मला देऊन गेला. मी त्यात चकल्या ठेवते. घरात कोणी हात लावत नाही.

तर, त्या प्रकल्पाची पहिली तोंडी परीक्षा. कॉलेजात पोस्टरं मांडलेली, बघायला कोणीही यावं. "तुम्ही समोर असल्या की धीर येते," म्हणून मला घेऊन गेला. भीतीने त्याचं डोकं ठणकत होतं. परीक्षक मॅडम पोस्टर वाचत असताना त्याने पाठ फिरवली, खिशातून स्ट्रिपचा एक तुकडा काढला आणि गोळी गिळली. मॅडम नेमक्या तेव्हाच वळल्या. त्यांनी रिकामा तुकडा हातात घेऊन उलटापालटा केला. नाव नाही. तारीख नाही.

"ही कसली गोळी घेतलीत?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"माहीत नाही मॅडम, पण परवा रूममेटले बरं वाटलं होतं!"